शाळेला नकाराचं पत्र देण्याआधी

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत: मुलीचे लैंगिक शिक्षणाचे तास, तिच्या एचपीव्ही लशीचा फॉर्म आणि थोरल्या मुलाला मूलच नको हे म्हणणं. पण माझा जीव पहिल्यात अडकलाय. तुम्ही लिहिता, "मुलगी चौदाची आहे. शाळेत लैंगिक शिक्षणाचे तास सुरू होतायत. आपल्याकडे असलं कुणी बोलत नाही. तिचं नाव काढून घेतलं तर चालेल ना?"

मागणी करता येते, आणि शाळा ती सहसा मान्यही करते. पण इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून माध्यमिक शाळांना हा विषय शिकवणं सक्तीचं आहे. नातेसंबंधांचे तास आणि विज्ञानातलं प्रजनन यांतून नाव निघत नाही. शिवाय सोळावं पूर्ण व्हायच्या तीन सत्रं आधीपासून मुलगी "मला बसायचंय" म्हणाली, तर शाळा तिची सोय करते. म्हणजे तुमचं पत्र जेमतेम वर्षभर टिकणार. तोवर तोच तास तिला मैत्रिणींकडून, अर्धामुर्धा ऐकायला मिळेल.

तुमचा संकोच मला कळतो, ताई. आपल्या शाळेत तो धडा "घरी वाचा" म्हणून सुटायचा. 2007 मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच घातली होती. पण र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, तेही मराठीतच. तेव्हा संस्कृतीच्या नावावर गप्प बसू नका.

आधी शाळेचं धोरण वाचा, ते संकेतस्थळावर असतं. तासाला काय दाखवणार ते बघायला मागा. मग शाळेच्या आधी तुम्ही बोला. समोर बसवून व्याख्यान नको. गाडीत, पोळ्या लाटताना, दहा मिनिटं पुरतात. आमची दोन्ही मुलं गाडीतच मोकळी झाली, नजरेला नजर द्यावी लागत नाही म्हणून. अवयवांची नावं सरळ घ्या. संमतीचं वय इथे 16, भारतात 18, हे सांगा. तातडीची गर्भनिरोधक गोळी प्रकारानुसार 72 किंवा 120 तासांच्या आत घ्यावी लागते आणि जितकी लवकर तितकी बरी, हेही. सोळाच्या आतल्या मुलीला समज आहे असं वाटलं, तर डॉक्टर आईबापांना न कळवताही गर्भनिरोधक देऊ शकतात. तिनं आधी तुमच्याकडे यावं असं वाटत असेल, तर घरी ओरडा बसणार नाही याची तिला खात्री हवी.

तुमची मूल्यंही जरूर सांगा: घाई नको, मूल हवं तेव्हाच. फक्त कारणं द्या. "लोक काय म्हणतील" एवढंच ऐकून वाढलेली मुलं लपवायला शिकतात. माझ्या नणंदेच्या घरी तेच झालं.

एचपीव्ही लशीच्या फॉर्मवर सही करा. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते आणि इथे आता बहुतेकांना एकच डोस पुरतो. तिची राहिली असली, तरी पंचविशीपर्यंत मोफत मिळते.

थोरला "मला मूलच नको" म्हणतो, त्याला सध्या काही विचारू नका. आजीलाही तेवढं सांगून ठेवा.