आधी प्रवेशवही वाच

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्यातल्या त्या अविवाहित स्त्रियांच्या प्रतिष्ठानचा इतिहास लिहायचं काम तू घेतलंस, फार बरं वाटलं. स्मरणिका आणि सत्काराचे फोटो सध्या बाजूला ठेव. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टची घटना आणि परिशिष्ट एकची, म्हणजे तिथल्या ट्रस्ट-नोंदवहीतल्या उताऱ्याची, नक्कल काढ. विश्वस्त, मालमत्ता, उद्देश तिथे मिळतील. पण जीव लावून वाचायची ती प्रवेशवही. कुणाला आत घेतलं आणि कुणाला दारातून परत पाठवलं, त्यावरून संस्था कळते.

अशा वह्या मी पाहिल्यात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. ‘लग्न होऊन गेली’ हे लाल शाईत, ठसठशीत. नर्सिंग शिकून नोकरीला लागलेलीपुढे मात्र नुसतं ‘नाव कमी केले’. भल्या मनाने संस्था चालवणाऱ्यांनाही लग्न हीच सुटका वाटत होती. हे लिहिताना कचरू नकोस. त्यांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

मागचा धागाही दाखव. आपल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अडचणीत सापडलेल्या गर्भवती विधवांसाठी. कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रमही विधवांसाठीच. कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघालं १९०७ मध्ये. विधवेचं दुःख निदान लोकांना दिसत तरी होतं. लग्नच न झालेली बाई बापाच्या, मग भावाच्या घरात राबायची, आणि घर आहे म्हणजे ती निराधार कशी, असं सगळे म्हणायचे. संजय गांधी निराधार योजनेत पस्तिशीपुढच्या अविवाहित स्त्रीला जागा मिळाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून जुन्या बायकांना भेटशील तेव्हा ‘संस्थेने काय दिलं’ असं विचारू नकोस, आभाराचं भाषण ऐकावं लागेल. विचार, ‘तुमचं नाव कुणाच्या रेशनकार्डावर होतं? भावाचं लग्न झाल्यावर तुम्ही झोपायच्या कुठे?’ मग वही मिटून ऐकत बस.

आणि नावं छापायची नाहीत. फुल्यांच्या घरीसुद्धा गुप्ततेची हमी होती, म्हणून बायका तिथे पोचल्या. ज्या हयात आहेत त्यांना कच्चा मजकूर वाचून दाखव. एखादी नको म्हणाली तर तेवढा भाग काढून टाक, विश्वस्तांनी कितीही आग्रह धरला तरी.

तुझ्या,
बाई