काम सात तासांचं, पहारा सोळा तासांचा

‘‘काम तसं फार नाहीये. मोजलं तर सात तास भरतं. पण रात्री डोकं थांबत नाही. मी आळशी आहे की कामवेडी, तेच मला कळेनासं झालंय.’’

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या तिशीतल्या एका सॉफ्टवेअर डेव्हलपरचा हा प्रश्न. तिच्या परवानगीनेच तो इथे मांडला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोड्याफार फरकाने घरून काम करणारे बहुतेक जण हेच विचारतात. काम संपलं तरी संपल्यासारखं का वाटत नाही? लॅपटॉप मिटल्यावरही त्यातलं काही ना काही मनात चालूच का राहतं?

चार वर्षं ती घरूनच काम करते. निम्मी टीम दहा तास मागच्या देशात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा रात्री आठला मीटिंग. टेबल झोपायच्या खोलीत. चॅटचं अ‍ॅप लॅपटॉपवर, फोनवर आणि मनगटावरच्या घड्याळातही. शिवाय टेबलावर एक छोटं यंत्र होतं, माउस आपोआप हलवत ठेवणारं. चॅटमध्ये नावापुढचा, ‘कामावर हजर’ असं दाखवणारा हिरवा ठिपका जाऊ नये म्हणून ते आणलेलं. ऑफिसच्या चॅट अ‍ॅप्सपैकी टीम्समध्ये पाच मिनिटं आणि स्लॅकमध्ये दहा मिनिटं कॉम्प्युटरला हात लागला नाही, की तो ठिपका जातो. जेवायला उठतानाही ती यंत्र चालू ठेवून उठायची.

तिने उपाय केले नव्हते असं नाही. निळा प्रकाश अडवणारा चष्मा झाला, शनिवार-रविवार फोन कपाटात ठेवणं झालं, महिनाभर दुसऱ्या गावी जाऊन तिथून काम करणं झालं. चष्म्याने फरक पडला नाही, यात नवल नाही. निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं हे खरं, पण झोपताना ‘उद्या सकाळी बोलू, जरा महत्त्वाचं आहे’ असा मेसेज वाचला, तर झोप उडवायला तो मजकूरच पुरेसा असतो. फोन कपाटात ठेवल्यावर तर अस्वस्थता वाढली, कारण दोन दिवसांत काय काय साचलं असेल याचा हिशोब मनात सुरू झाला. आणि परगावी गेल्यावर भर पडली ती इंटरनेट जाण्याच्या भीतीची.

पहिल्या भेटीनंतर तिला आठवडाभराचं एकच काम दिलं. साधी वही घ्यायची, तीन रकाने आखायचे. कामाच्या वेळेबाहेर चॅट किंवा मेल उघडला, की पहिल्या रकान्यात वेळ. दुसऱ्यात उघडायला काय निमित्त झालं (आवाज, थरथर, की नुसतंच). तिसऱ्यात ‘तासाभरात उत्तर दिलंच पाहिजे असं काही होतं का?’ याचं हो किंवा नाही. सवय बदलायची नाही, फक्त नोंदवायची. नोंद फोनवर मात्र नको. नोंद करायला म्हणून फोन उचलायचा आणि चॅटच उघडून बसायचं, असं हमखास होतं.

वहीत दिवसाला वीस-पंचवीस नोंदी होत्या. निम्म्याहून जास्त वेळा निमित्त ‘नुसतंच’. तिसऱ्या रकान्यात संपूर्ण आठवड्यात एकच ‘हो’, आणि त्या वेळी सहकाऱ्याने तिला थेट फोन केला होता. म्हणजे चॅट पाहिला नसता तरी काही अडलं नसतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर या वहीत होतं. ती आळशी नव्हती आणि कामवेडीही नव्हती. ती पहाऱ्यावर होती. काम सात तास, पहारा सोळा तास. पहारेकऱ्याला झोप लागणं हा गुन्हा असतो, त्यामुळे शरीरही तिला झोपू देत नव्हतं. अशा माणसाला ‘काम कमी करा’ किंवा ‘स्क्रीन कमी पाहा’ सांगून काही होत नाही. पहारा उठवावा लागतो, आणि तो एकट्याने उठत नाही. टीमलाही त्यात घ्यावं लागतं.

म्हणून सुरुवात झोपेपासून न करता मॅनेजरपासून केली. इथे बहुतेकांचं एक चुकतं. ते मॅनेजरला ‘मला फार ताण येतोय’ असं सांगतात. त्यावर सहानुभूती मिळते, व्यवस्था मिळत नाही. त्यापेक्षा तयार प्रस्ताव द्यावा. तिने पाठवलेला मजकूर साधारण असा होता: ‘‘रोज सातनंतर मी चॅट पाहणार नाही. मीटिंगच्या दोन दिवशी ही वेळ साडेनऊ असेल आणि त्या दिवशी मी सकाळी अडीच तास उशिरा सुरू करेन. सिस्टिम बंद पडली किंवा ग्राहकाचं काम अडलं, तर फोन करावा, मी उचलेन. बाकी मेसेजना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरापर्यंत उत्तर मिळेल. दोन आठवडे असं करून पाहू आणि मग बोलू.’’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. तातडीचं म्हणजे काय ते ठरलं, त्याचा मार्ग ठरला, बाकीच्यांना उत्तर कधी मिळेल ते ठरलं आणि मुदत घातल्यामुळे मॅनेजरला ‘हो’ म्हणणं सोपं झालं. रात्रीच्या मीटिंगबाबत एवढंच लक्षात ठेवावं, की दिवस सरकवायचा, लांबवायचा नाही. सकाळी नेहमीच्या वेळी बसून रात्रीची मीटिंगही घेतली, तर आठवड्याला पाच तास फुकट जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मॅनेजरने दोन ओळींत होकार कळवला. तिच्या चार वर्षांच्या धास्तीपुढे ते उत्तर फारच छोटं होतं. (नेहमी असंच होईल असं नाही, त्याबद्दल पुढे.)

माउस हलवणाऱ्या यंत्राचं काय करायचं, यावर थोडा वाद झाला. ‘‘ते असलं की निदान शांतपणे जेवता येतं,’’ असं तिचं म्हणणं. पण भीती तात्पुरती शमवणारी अशी साधनं भीतीला जिवंतही ठेवतात. ठिपका गेला तर काय होतं, हे पाहायची वेळच येत नाही. वर पकडलं जाण्याची भीती वेगळी, आणि ती काही काल्पनिक नाही: २०२४ मध्ये एका मोठ्या अमेरिकी बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं. मग ठरलं असं: पहिल्या आठवड्यात फक्त जेवणाच्या वेळी यंत्र बंद ठेवायचं आणि कुणी काही विचारतं का ते वहीत लिहायचं. कुणीच विचारलं नाही. त्याऐवजी रोज सकाळी ती टीमच्या चॅटवर तीन ओळी टाकू लागली: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. काम दिसू लागलं, तसं ठिपक्याचं महत्त्व आपसूक घटलं.

फोनची व्यवस्था करताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं की झालं, असं वाटतं. पण धास्तावलेला माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘खरंच फोन आला आणि वाजलाच नाही तर?’ या शंकेपायी तो दर पंधरा मिनिटांनी फोन उघडून पाहतो. म्हणून क्रम असा ठेवला. अँड्रॉइडमध्ये ऑफिसची अ‍ॅप्स वर्क प्रोफाइलमध्ये (कामाच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा) असतील, तर ते प्रोफाइल सातला एका बटणाने बंद करायचं. आयफोन असेल तर फोकस या सेटिंगमध्ये ऑफिसच्या अ‍ॅप्सची नोटिफिकेशन बंद ठेवायची. मग मॅनेजर आणि त्या आठवड्याच्या ऑन-कॉल (वेळेबाहेरच्या तातडीच्या कामाची पाळी असलेल्या) सहकाऱ्याचा नंबर, अशा दोघांच्या कॉलना परवानगी द्यायची. लागोपाठ आलेला दुसरा कॉल वाजू देण्याची सोयही चालू ठेवायची. तोच माणूस आयफोनवर तीन मिनिटांत किंवा अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत पुन्हा फोन करेल, तर तो कॉल वाजतो. घड्याळावरून चॅट अ‍ॅप काढूनच टाकायचं.

आणि मग चाचणी. तिने त्या ऑन-कॉल सहकाऱ्याला रात्री साडेनऊला मुद्दाम फोन करायला सांगितलं. फोन दुसऱ्या खोलीत, स्क्रीन उलटी, डू नॉट डिस्टर्ब चालू. फोन वाजला. मग त्यालाच चॅटवर मेसेज टाकायला सांगितलं. काहीच वाजलं नाही. दहा मिनिटांच्या या प्रयोगाने जेवढं काम केलं, तेवढं आमच्या दोन भेटींतल्या बोलण्याने केलं नसेल.

दिवस बंद करण्याची कृती पंधरा मिनिटांची. पावणेसातला गजर. गजर झाला की नवीन काही उघडायचं नाही. अर्धवट कोड स्वतःच्या ब्रँचवर कमिट करून पुश करायचा, म्हणजे आपल्या वेगळ्या प्रतीत जतन करून सर्व्हरवर पाठवायचा, मग तो कितीही कच्चा असो. नंतर कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: कुठे थांबले, उद्याची पहिली कृती काय, कुणाच्या उत्तराची वाट पाहतेय. यात दुसरी ओळ निर्णायक. ‘पेमेंटचा बग पाहणे’ असं लिहिलं, तर रात्री अंथरुणात तो बग पाहणं सुरू होतं. ‘टाइमआउट तीस सेकंदांचा आहे, तो कोणत्या कॉन्फिग फाइलमधून येतो ते शोधणे’ असं लिहिलं, की मन ते सोडून देतं. अपुरं काम मनात घर करून राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं, की काम पूर्ण केलं नाही तरी त्याची नेमकी योजना ठरली, तर ते मनात घुसणं बरंचसं थांबतं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, असंही २०१८ मधल्या एका छोट्या प्रयोगात आढळलं.

यानंतर लॅपटॉप चार्जरसकट कपाटात. टेबलावर मिटून ठेवलेला चालत नाही. झोपायच्या खोलीतच टेबल असेल, तर हे जास्तच पाळावं. मग चपला घालून वीस मिनिटं बाहेर. ऑफिसला जाण्या-येण्यातला प्रवास गेला, त्याबरोबर काम आणि घर यांच्यामधली मोकळी जागाही गेली. ती अशी भरून काढावी लागते.

आता झोप. चौथ्या दिवशी तिचा मेसेज आला: ‘‘आधीपेक्षा कमी झोपतेय.’’ हे अपेक्षित होतं. झोपेसाठी जी पद्धत वापरली, ती मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली. अंथरुणाशी जडलेलं जागरणाचं नातं तोडणारी. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. रात्रीतून चार वेळा उठावं लागलं तरी चालेल. सकाळी उठायची वेळ सातही दिवस एकच, रात्र कशीही गेली असली तरी. रात्रीच्या मीटिंगचे दिवसही त्यातच आले: काम उशिरा सुरू, उठणं नेहमीच्याच वेळी. दुपारी झोपायचं नाही. घड्याळाकडे पाहायचं नाही, वीस मिनिटांचा अंदाजच पुरे. पहिले काही दिवस झोप घटते, त्यातून झोपेची भूक साठते आणि ती पुढे कामाला येते. अनेक जण नेमके याच दिवसांत पद्धत सोडतात. या काळात थकवा असेल, तर गाडी चालवणं टाळावं.

घड्याळातला झोपेचा स्कोअर महिनाभर बंद करायला लावला. मनगटावरची घड्याळं हालचाल आणि नाडीवरून झोपेचा अंदाज बांधतात. त्यांतला गाढ झोपेचा आकडा तर फारच ढोबळ. ती रोज सकाळी तो पाहून मग आपल्याला कसं वाटतंय ते ठरवायची. कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त.

तिसऱ्या आठवड्यात घसरण झाली. एका रात्री सवयीने लॅपटॉप उघडला, एक सोपा प्रश्न दिसला आणि तिने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी रात्री आणखी दोन प्रश्न आले. लोक वाईट नसतात. जिथे उत्तर मिळतं तिथे ते विचारतात. ‘क्वचित एखाद वेळी’ दिलेलं उत्तर तर सर्वांत घातक, कारण मग दोन्हीकडे आशा जिवंत राहते. रात्री सुचलंच, तर उत्तर लिहून सकाळच्या वेळेला शेड्यूल करावं, असं ठरलं. ते तिने पाळलं. सहाव्या आठवड्यात बहुतेक रात्री अर्ध्या तासाच्या आत झोप लागत होती. रविवारी संध्याकाळची हुरहुर मात्र अजून आहे.

सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही. मॅनेजरने असा प्रस्ताव सरळ फेटाळला आणि रात्री अकरालाही लगेच उत्तर हवं असा हट्ट धरला, तर तो तुमच्या सवयीचा प्रश्न उरत नाही. तिथे ऑन-कॉलचे आठवडे वाटून घेणं, त्याची भरपाई मागणं आणि तेही होत नसेल तर नोकरी बदलण्याचा विचार करणं, हेच उपाय. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. बाकी अनेक ठिकाणी तो करारात मागून घ्यावा लागतो.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल, तर ती डॉक्टरांना सांगावी. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागणं, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर वही आणि गजरात वेळ घालवू नये, लगेच डॉक्टरांकडे जावं. अपस्मार किंवा बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी झोप तात्पुरती घटवणारी ही पद्धत स्वतःच्या मनाने करू नये.

ज्यांना ऑन-कॉल राहावंच लागतं, त्यांच्यासाठी एक तजवीज. त्या आठवड्यात झोपेची पद्धत बाजूला ठेवावी, फक्त उठायची वेळ सांभाळावी. सिस्टिम बिघडल्याच्या अलर्टसाठी वेगळी रिंगटोन लावावी, जी दुसऱ्या कशालाही नसेल. म्हणजे इतर आवाजांना दचकायला होत नाही. रात्री उठावं लागलं, तर काम झाल्यावर काय घडलं ते दोन ओळींत टिपावं, लॅपटॉप बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी तितकंच उशिरा काम सुरू करावं. हे मॅनेजरशी ऑन-कॉलचा आठवडा सुरू होण्याआधीच बोलून ठेवावं. पहाटे तीनला ते मागायचं भान कुणालाच नसतं.