गंगावतीहून परतल्यावर: आधी मशीन की आधी खाचर?

प्रश्न (शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकरी गट): जानेवारीअखेरीस आपल्यासोबत कर्नाटकात गंगावतीजवळची शंभरावर एकरांची भातशेती पाहिली. मशीनची लावण बघून गटासाठी तसंच भात लावणीचं मशीन घ्यावं असं चाललंय. घ्यावं का? तिथलं बियाणं आपल्याकडे चालेल का? आणि हार्वेस्टरचं काय?

उत्तर: मंडळी, परतीच्या गाडीत मशीनच्या किमतीशिवाय दुसरा विषय नव्हता, म्हणून मी मुद्दाम गप्प बसलो होतो. आता सांगतो.

मशीन यंदा घेऊ नका. त्यात खोट काही नाही, अडचण आपल्या रानाची आहे. तिथं मी बुटासकट खाचरात उतरलो तेव्हा तुम्ही हसलात. मी पाणी मोजत होतो. चारी कोपऱ्यांत आणि मधोमध, सगळीकडे दीड-दोन बोटं. लेझर लेव्हलर, म्हणजे लेझरच्या मापानं रान सपाट करणारं यंत्र, फिरवलेलं रान आहे ते, मशीन चालतं ते त्या सपाटीच्या जिवावर. आपल्याकडे एकाच खाचरात वरच्या तालीला (बांधाला) ढेकळं उघडी आणि खालच्या तालीला पोटरीभर पाणी. खोल पाण्यात रोपं तरंगणार, उघड्यावर तण माजणार. भांगलणीची मजुरी तिथंच वाढते.

दुसरं, मशीनला आपला तरवा, म्हणजे वाफ्यावर वाढवलेली रोपं, चालत नाही. ट्रेमध्ये वाढवलेलं, सतरंजीसारखं गुंडाळून नेता येणारं चटई रोप लागतं, तेही 15 ते 20 दिवसांचं. आपल्याकडे पावसाची वाट बघत तरवा महिन्याचा होतो. चिखलणीनंतरही रान एक-दोन दिवस बसू द्यावं लागतं, भारी जमिनीत तीन. गेल्या खरिपात एका प्रात्यक्षिकात मीच घाई केली, सकाळी चिखलणी आणि दुपारी मशीन. संध्याकाळपर्यंत निम्मी रोपं बांधाला जाऊन लागली. तेव्हा हौस असेल तर भाड्यानं आणून एका एकरावर बघा. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, कुरीनं पेरणाऱ्यांना तर या मशीनचा उपयोगच नाही.

तिथून आणायची ती सपाटी. लेझर लेव्हलर आपल्या पाच-दहा गुंठ्यांच्या खाचरात वळणारसुद्धा नाही, पण गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. आत्ता रान मोकळं आहे. चार कोपरे आणि मध्य अशा पाच खुंट्या ठोका, नळीनं पातळी घ्या, फरक खुंटीवर खडूनं मांडा. चार बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर माती हलवा. मात्र वरची वीतभर काळी माती आधी बाजूला ओढा, खालची माती उंचावरून खोलगटात टाका आणि मग काळी माती पुन्हा पसरा. हे न करता थेट उंचवटा कापला तर तांबडा मुरूम वर येतो आणि त्या पट्ट्यात भात पिवळं पडतं. चांगली माती पुन्हा जमायला वर्षं जातात.

पाणी सारखं राहिलं की युरिया-डीएपीच्या गोळ्यांचाही खरा फायदा दिसतो. चारसूत्री या भाताच्या सुधारित पद्धतीत 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावण करून चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात 2.7 ग्रॅमची एक गोळी 5 ते 7 सेंटिमीटर खोल खोचायची, लावणीच्याच दिवशी. फोकलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसात ताल ओलांडून वारणेला जातो. चिखलात खोचलेली गोळी जागेवर राहते.

बियाण्याचं: तिथला बारीक दाण्याचा वाण बीपीटी 5204, म्हणजे सांबा मसुरी, मूळ आंध्रातल्या बापटल्याचा. तो 145 ते 150 दिवस घेतो आणि करपा रोगाला लवकर बळी पडतो. गंगावतीला पाऊस कमी, ऊन भरपूर, पाणी तुंगभद्रेच्या कालव्याचं. चांदोलीकडच्या आठवडा-आठवडा न थांबणाऱ्या झडीत करपा त्याला सोडणार नाही. शिवाय काढणी लांबली की हरभऱ्याची ओल गेली. आपली इंद्रायणी वडगाव मावळच्या केंद्रातून 1987 साली आली, आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. वास आहे, गिऱ्हाईक दारात येतं. ती लोळते, उभं पीक आडवं पडतं हे खरं, पण त्याला बऱ्याचदा आपला जास्तीचा युरिया कारण असतो. बी घरचं असेल तर 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगेल ते काढा, खालचं दोन-तीनदा स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा, मग किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा.

हार्वेस्टर तिथं शेडात उभा होता, म्हणून त्याचं काम तुम्ही पाहिलंच नाही. तो पेंढ्याचा चुरा करून रानभर उधळतो. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्यानं आधी पिंजराचा हिशेब मांडावा.

लेव्हलची नळी माझ्याकडे आहे. गटातून एकानं येऊन घेऊन जावी आणि आठ दिवसांत परत करावी, पुढच्या गावानं आधीच सांगून ठेवलंय.