डोळा कॅमेऱ्यासारखा नुसता फोटो काढून मेंदूला पाठवतो का?

नाही. पाठवायचा म्हटला तरी तेवढ्या तारा नाहीत! दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृक्‌चेतेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे छाननी डोळ्यातच होणार.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मुलं हमखास अडखळतात ती इथे: प्रकाश टिपणाऱ्या रॉड (अंधुक उजेडासाठीच्या) आणि कोन (भरपूर उजेडासाठीच्या) पेशी अंधारात जास्त बडबड्या असतात. अंधारात त्या ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडत राहतात, उजेड पडला की हात आखडता घेतात. पुढच्या बायपोलर पेशींपैकी एक गट हा निरोप आहे तसा घेतो, दुसरा उलटा करून. कारण दोघांचे ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर वेगळे. त्यामुळे 'उजेड वाढला' आणि 'उजेड घटला' या बातम्या इथूनच दोन वाटांनी निघतात.

माझ्या लाडक्या मात्र हॉरिझॉन्टल पेशी. आडव्या पसरलेल्या, अनेक कोन पेशींचा कानोसा घेणाऱ्या. आसपास सरासरी उजेड किती, हे पाहून त्या प्रत्येकीचा आवाज तेवढा दाबतात. पुढे जातो तो मुख्यतः शेजाऱ्यांशी असलेला फरक. वर्तमानपत्र घेऊन दुपारी अंगणात बसा. उन्हातल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात येणारा प्रकाश रात्री दिव्याखालच्या पांढऱ्या कागदापेक्षाही जास्त असू शकतो, तरी अक्षर काळंच दिसतं. (डोळा उजेडाला सरावतो, त्याचाही यात वाटा आहे.) शेजाऱ्याला दाबण्याची ही रीत हार्टलाइन यांनी लिम्युलस या सागरी जीवाच्या डोळ्यात दाखवली, त्यांना १९६७चं नोबेल विभागून मिळालं. कुफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या गँग्लियॉन पेशींत (दृक्‌चेतेतले तंतू यांचेच) असंच पाहिलं: नेमका मधोमध उजेडाचा ठिपका टाकला की काही पेशी जोरात बोलतात, आजूबाजूलाही उजेड पसरला की मंदावतात.

हालचालीची दिशासुद्धा इथेच ओळखली जाते. स्टारबर्स्ट अमाक्राइन नावाच्या पेशींच्या फांद्या चांदणीसारख्या चहूकडे फुटतात. २०११ मध्ये उंदराच्या दृष्टिपटलाचा तुकडा पातळ थर कापत कापत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जोडण्या मोजल्या गेल्या. कोणत्या दिशेची फांदी कोणत्या गँग्लियॉन पेशीला जोडायची, यातही निवड असते असं दिसलं. ठरावीक दिशेने काही सरकलं की ती पेशी गप्प, उलट दिशेने सरकलं की बोलकी.

दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी मात्र काटकसर नाही. तिथे एकेका कोनला जवळजवळ स्वतंत्र वाट मिळते. कडेला अनेक रॉड मिळून एकाच वाटेवर, त्यामुळे त्यांचे क्षीण निरोपही एकत्र जमतात; ऐन मध्यभागी तर रॉडच नसतात. म्हणून अंधुक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा दिसतो.