‘एमबी झाली नाही’ म्हणजे काय? सरकारी एमबी आणि मोबाइलची एमबी एकच का?

तुमचा प्रश्न असा की विहिरीचं काम झालं, पंचायत समितीत गेलात तर ‘एमबी झाली नाही, बिल निघत नाही’ म्हणाले, तर ही नेटवालीच एमबी का?

नाही हो. ही मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तिका. झालेलं काम मोजून तिच्यात नोंदवतात आणि त्या नोंदीवरून बिल निघतं. आणि विचारायला लाजू नका. हीच चूक मी केलीय, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ऐकून घेतलीय.

2016 चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते साल. मी लातूरला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होतो आणि गावाकडं अण्णांची रोहयोतली, म्हणजे रोजगार हमी योजनेतली, विहीर चालू होती. व्यास 6 मीटर, खोली 12 मीटरपर्यंत गेलेली. बिल अडकलं तसा अण्णांचा फोन आला, “साहेब म्हणायलेत एमबी झाली नाही. काय असतंय रे हे?”

मी तेव्हा नेटचा पॅक एकेक एमबी मोजून वापरायचो. म्हणालो, “अण्णा, त्यांचं नेट संपलं असंल. ऑनलाइन भरायला एमबी लागती.” अण्णांनी सरळ अर्थ काढला. दुकानात जाऊन आपल्याच मोबाइलवर रिचार्ज मारलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलासमोर उभं राहून सांगितलं, “साहेब, एमबी टाकलीय. आता काढा बिल.”

सगळं ऑफिस हसलं. आमचे दाजी गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार. तेही स्वतःच्या बिलासाठी तिथंच बसलेले. तेव्हापासून त्यांचं पालुपद: “आमच्या मेहुण्यानं विहिरीला रिचार्ज मारलं! शिकून पोरांची डोकी जातेत.” (विहिरीचं पुनर्भरण असतं, त्यालाही रिचार्जच म्हणतात, म्हणून विनोद आणखीच चालतो.)

मला हसले त्याचं काही नाही. पण अण्णा लाजेनं पंधरा दिवस तिकडं फिरकले नाहीत. तेवढ्यात आर्द्राचा पाऊस आला आणि विहिरीत दीड परस पाणी. मग तांत्रिक सहायक म्हणाले, पाणी उपसा, तळ दिसल्याशिवाय मी मोजणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. भाड्यानं इंजिन आणलं, दिवसभर उपसलं, आणि टेपचं टोक धरून खाली गाळात मीच उतरलो. वरून ते आकडे ओरडून विचारत होते: माती कुठपर्यंत, मुरूम कुठपर्यंत, खडक कुठून. प्रत्येक थराचा दर वेगळा. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खडक वहीत चढला नाही, तर 28 घनमीटर खोदाईवर पाणी सोडायचं.

वर आल्यावर ती वही पहिल्यांदा बघितली. जाड पुठ्ठा, पानांवर छापील नंबर, लांबी-रुंदी-खोली-परिमाणाचे रकाने. चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, एक रेघ मारून सही करायची. पान फाडायचं नाही. आख्ख्या विहिरीला दीड पान लागलं. मोजमाप पुस्तिका हा चांगला मराठी शब्द आहे, सरकारी कागदावर छापलेलाही असतो. टेबलावर मात्र एमबीच. कारण समोरच्याला कळलं तर तो पुढचा प्रश्न विचारतो: कधी मोजणार?

तुम्ही तोच विचारा. मोजणीची तारीख घ्या, मोजताना स्वतः हजर राहा, नोंद झाली की पान नंबर लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. नोंदीची प्रत मागता येते, वही बघायलाही मागता येते.

संगणकातली एमबी म्हणजे मेगाबाइट, ढोबळमानानं दहा लाख बाइट. ते तुम्हाला माहीतच असणार. पण तिथंही घोळ आहे, आणि हे खास दाजींसाठी लिहितोय. एक एमबी मेगाबाइटची आणि एक मेगाबिटची. इंग्रजीत मोठा बी आणि छोटा बी असा फरक तरी दिसतो, आपल्या तोंडी दोन्ही एमबीच. आठ बिटांचा एक बाइट. दाजींनी घरी 100 एमबीचं कनेक्शन घेतलं आणि 700 एमबीचा पिक्चर सात सेकंदांत उतरत नाही म्हणून त्या केबलवाल्या पोराला अंगणात उभं करून झापलं. त्या सेकंदाला 100 एमबी, पण बिटांच्या होत्या हो. सगळं सुरळीत चाललं तरी 56 सेकंद लागणारच. मी समजावून सांगितलं तर म्हणाले, तू विहिरीला रिचार्ज मारणारा!

हेच दाजी मी ‘एपीआय बंद पडलाय’ (संगणकातला, दोन प्रोग्रॅमना जोडणारा दुवा) म्हणालो की विचारतात, कोणत्या ठाण्याचा? त्यांच्या लेखी एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक. त्यावर मात्र कुणी हसत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी लिहिलंय ते तेव्हाच्या रोहयोतल्या विहिरीचं. तुमची दुसऱ्या योजनेतली असेल तर मोजणारा माणूस आणि हप्त्यांची पद्धत वेगळी असू शकते, मंजुरीचा कागद आधी नीट वाचा. आणि पावसाळा तोंडावर असेल तर हे वाचत बसू नका, उद्याच जा.

दाजी, वाचत असाल तर: आठनं भागायचं.