वाड्याची तुळई आणि २२ महिन्यांचे भाडे

पुण्यातील एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या भगिनी लिहितात की तुळई वाळवीने पोखरली आहे, पावसाळ्यात भिंतीची माती सुटते आणि सहा वर्षे सांगूनही घरमालक दाद देत नाहीत. म्हणून त्यांनी दरमहा १५० रुपयांचे भाडे २२ महिने दिले नाही. आता मालकांच्या वकिलांची थकबाकीची नोटीस आली आहे. पती आजारी असून घर त्यांच्या स्वयंपाकाच्या कामांवर चालते.

ताई, अशी पत्रे दर पावसाळ्यात येतात आणि प्रत्येकात तीच चूक असते. सहा वर्षांत आपण मालकांना एक ओळही लेखी दिली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल, तर लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. आपल्या बाबतीत ही रक्कम वर्षाला अवघी ४५० रुपये होते. सगळे भाडे थांबवण्याची मुभा हे कलम देत नाही.

थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस मालकांना त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. आपले सारे प्रकरण या मुदतीवर उभे आहे आणि नोटीस कधी मिळाली, तेच आपण कळवलेले नाही. ३,३०० रुपयांसाठी राहते घर पणाला लावू नका. उसने घ्यावे लागले तरी पूर्ण रक्कम धनादेशाने भरा. दावा दाखल झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के सरळव्याज व दाव्याच्या खर्चासह थकबाकी भरण्याची आणि पुढे नियमित भाडे देण्याची आणखी एक संधी असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

त्याच दिवशी दुरुस्तीची नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि शक्य असल्यास इतर भाडेकरूंच्याही सह्या घ्या. तुळईला टेकू मात्र आजच लावा, कारण न्यायालयात तारखांवर तारखा पडत असताना पोखरलेले लाकूड थांबणार नाही. १५ दिवसांनंतर जुन्याच जागी तुळई बदलावी. पक्के नवे बांधकाम मालकांच्या लेखी संमतीविना केल्यास तेच ताबा मागण्याचे कारण ठरू शकते. खर्चाच्या पावत्या जपा.

महापालिकेकडे तक्रार करावी का, हे वाडा पाहिल्याशिवाय सांगणे कठीण आहे. पाहणीनंतर वाडा रिकामा करण्याचा आदेशही निघू शकतो. इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. तरी खोल्यांचे मोजमाप व छायाचित्रे आधीच हाती असावीत.

महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उद्याच जा आणि नोटिशीबरोबर तिचा लिफाफाही न्या. टपालाच्या शिक्क्यावरून किती दिवस उरले, याचा अंदाज येईल.