लाहुरे, लहू आणि दोन गल्ले

नाही, लहूवरून नाही. अजिबात नाही.

प्रश्न असा आलाय की पहिल्या महायुद्धावर लेख लिहिताना नेपाळी सैनिकांसाठी 'लाहुरे' हा शब्द दिसला, तर तो 'लहू' म्हणजे रक्त यावरून आला का, आणि मराठीत त्याला सरळ 'भाडोत्री गुरखा सैनिक' असं लिहिलं तर चालेल का. रक्त सांडणारे ते लाहुरे असं कुणीतरी कधीतरी ठोकून दिलंय आणि ऐकायला भारी वाटतं म्हणून ते फिरतंय. शब्द ऐकायला भारी वाटला की लोकांना व्युत्पत्तीही भारीच हवी असते. इथे ती अगदी साधी आहे. लाहुरे म्हणजे लाहोरवाला. जसा पुणेकर, नागपूरकर, तसा लाहोर-कर.

आता नेपाळच्या डोंगरातल्या माणसाचा लाहोरशी काय संबंध? तर १८१४ ते १८१६ नेपाळची कंपनी सरकारशी लढाई झाली, सुगौलीच्या तहात बराच मुलुख गेला, लढवय्ये रिकामे झाले. त्या वेळी लाहोरला रणजितसिंगाचं राज्य जोरात होतं आणि तो चांगला शिपाई दिसला की पदरी ठेवायचा. मग डोंगरातली माणसं पश्चिमेला चालत निघाली. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बलभद्र कुंवर. देहरादूनजवळ नालापाणीचा किल्ला मूठभर माणसांनिशी त्याने लढवला, तिथे कंपनीचा जनरल गिलेस्पी पडला, आणि तोच बलभद्र पुढे रणजितसिंगाच्या फौजेत गेला आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याच्या लढाईत अफगाणांशी लढताना मेला. म्हणजे पहिला लाहुरे कोण असं विचारलं तर निदान पहिलं नाव तरी आपल्याला माहीत आहे.

पुढे शीख राज्य बुडालं, लाहोर इंग्रजांकडे गेलं, शिपाई देहरादूनला जायला लागला, धर्मशाळेला जायला लागला, आणि १९१४ नंतर फ्रान्स, गॅलिपोली, मेसोपोटेमिया, पॅलेस्टाईन, जिथे जहाज नेईल तिथे. तरी गावात म्हणणार काय, तर लाहुरला गेला. परत आला की लाहुरे. १९११ च्या मोजणीत नेपाळची वस्ती ५६ लाखांच्या आसपास, आणि त्यातून साधारण दोन लाख माणसं त्या युद्धात कामी लागली असं सांगतात. यातल्या बहुतेकांनी लाहोर बघितलंही नसेल, आणि मला या शब्दात आवडतं ते नेमकं हेच. बघा ना, हिंदुस्थानी शिपायाला उत्तरेत 'तिलंगा' म्हणायचे, कारण सुरुवातीचे कवायती शिपाई तेलंगणाकडचे, मग अवधचा पंडित शिपाई झाला तरी तो तिलंगाच. आणि आपला 'गारदी'? काका मला वाचवा वाला? तो फ्रेंच 'गार्द' वरून, म्हणून सुमेरसिंग गारदी फ्रेंच होता का? शिपायाचं नाव त्याच्या गावावरून पडत नाही, पहिली तुकडी जिथून आली किंवा जिथे गेली त्यावरून पडतं आणि मग शंभर वर्षं चिकटून राहतं.

मध्येच एक शंका काढून टाकतो, कारण ती एका जाणकारांनी मला मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवलीये. ते म्हणाले, फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैन्यात दोन डिव्हिजन होत्या, एक लाहोर आणि एक मीरत, त्या लाहोर डिव्हिजनवरून लाहुरे. दिसायला एकदम चोख. पण डिव्हिजनवरून नाव पडायचं तर निम्मे 'मीरते' पण व्हायला हवे होते ना! गुरखा पलटणी दोन्हीत होत्या. गुरख्यांमधला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा कुलबीर थापा तर मीरतवाला. २५ सप्टेंबर १९१५ ला फ्रान्समध्ये स्वतः जखमी असताना तो एका जखमी इंग्रज सोल्जरपाशी शत्रूच्या रेषेमागे रात्रभर थांबला, सकाळी त्याला काढलं, परत जाऊन आपले दोन गुरखे आणले, मग पुन्हा त्या इंग्रजाला उचलून आणला, ते पण दिवसाढवळ्या गोळीबारात. त्याला काय मीरते म्हणायचं? शब्द रणजितसिंगाच्या काळचा आहे, विषय संपला.

हा कुलबीर पाल्पा भागातला. गोरखा गावचा नव्हे. आणि आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. मराठीत 'गुरखा' म्हणजे वॉचमन. काठी आपटणारा, शिट्टी वाजवणारा. 'आमच्या सोसायटीत नवीन गुरखा ठेवलाय', मग तो बिचारा आसामी असो की उत्तराखंडचा. डोळे बारीक दिसले की गुरखा. आणि वर 'गायींचं रक्षण करतात म्हणून गोरखा' हे ज्ञान. अहो, गोरखा हे एका डोंगरी गावाचं आणि तिथल्या राज्याचं नाव, तिथल्या पृथ्वीनारायण शाहने काठमांडू जिंकलं म्हणून ते नाव जगभर गेलं, आणि गावाला नाव गोरखनाथाचं. तोच आपला गोरक्षनाथ. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, ज्ञानेश्वरीच्या शेवटी माऊली स्वतः ही परंपरा सांगतात. म्हणजे ज्या नावाला आपण गेटवर उभं केलंय ते आपल्याच आजेगुरूंचं आहे. शिवाय मजा म्हणजे इंग्रजांना नेपाळच्या हद्दीत भरती करता येत नव्हती म्हणून पोरांना खाली आणायचे ते गोरखपूरच्या डेपोत, ते पण नाथाचंच गाव. (पूर्व नेपाळातल्या राई आणि लिंबू जमातींसाठी दार्जिलिंगकडे वेगळी सोय.) बाकी गुरखा की गोरखा म्हणाल तर गोरखा लिहा, भारतीय लष्करही तसंच लिहितं. मी बोलण्याच्या ओघात गुरखा लिहितोय, सवय, जात नाही.

आता खरी गंमत. ही पोरं डोंगरातून खाली कोण आणायचं? तर 'गल्लावाला'. लाहुरेपेक्षा माझा जीव या शब्दात जास्त अडकलाय. निवृत्त शिपाई गावोगाव फिरायचा, धडधाकट पोरं हेरायचा, घोळका जमवून डेपोवर घेऊन जायचा, आणि पास झालेल्या पोरामागे त्याला पैसे मिळायचे. मराठी माणसाला गल्ला म्हटलं की वाण्याचा लाकडी डबाच दिसणार, त्यामुळे आपल्याकडचे एक फारसीचे अभ्यासक म्हणतात की डोक्यामागे पैसे, पैशाचा गल्ला, म्हणून गल्लावाला. मला हे साफ नामंजूर आहे. गल्ले दोन आहेत! एक अरबी ग़ल्ला, ग़ैन या अक्षराने लिहितात तो, त्याचा अर्थ पीक, धान्य. जुन्या मराठी कागदांत गल्ला म्हणजे धान्यच. धान्य विकून आलेली रोकड तोही गल्ला, मग रोकड ठेवायचा डबा गल्ला, असा तो आपल्या वाण्याकडे पोचला. दुसरा फारसी गल्ला, गाफ या अक्षराने लिहितात तो, म्हणजे कळप. मेंढरांचा, गुरांचा. उर्दूत 'गल्लाबान' म्हणजे मेंढपाळ, कुठलाही कोश उघडा. आता सांगा, डोंगरातून पन्नास पोरांचा घोळका हाकत नेणारा माणूस कुठल्या गल्ल्याचा? नेपाळीत 'गल्ला' म्हणजे डब्यातले पैसे नाही, भरतीला निघालेली ती तुकडीच. पैसे गल्लावाल्याला मिळायचे हे खरं, पण पैसे दलालाला पण मिळतात आणि मुकादमाला पण, त्यांना कुणी गल्लावाला म्हणत नाही. माझं म्हणणं असं की छावणीच्या हिंदुस्थानीतून कळपवाला गल्ला डोंगरावर चढला. हे मी कुठे छापलेलं बघितलेलं नाही, माझं मत आहे, पण कुणी खोडून दाखवलं तर त्याला चहा पाजीन.

चहावरून आठवलं. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला ही भानगड तिकडेही होती. आपल्याकडे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधला चहा प्यायला म्हणून केवढं रामायण झालं, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात यावं लागलं. तिकडे हजारो शिपाई फ्रान्सहून येणार, सगळ्यांना जातीबाहेर टाकलं तर पुढच्या वर्षी भरतीला येणार कोण? म्हणून 'पानी पतिया' नावाची शुद्धी ठरवून दिलेली होती, ती केली की शिपाई परत जातीत. यातला 'पतिया' लोक पतित-पातकशी जोडतात. मला तो 'प्रत्यय'कडचा वाटतो, म्हणजे आपली बाजारातली 'पत' ज्या घरची त्याच घरचा, हिंदीत पतियाना म्हणजे विश्वास ठेवणं आहेच. पतिया घेतला म्हणजे माणसाची गावातली पत परत आली. पण यावर मी गल्ल्याइतका भांडणार नाही.

आणि हे सगळं लिहिताना ज्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करतो तो राल्फ टर्नर. बनारसला शिकवायला आलेला इंग्रज, १९१५ ला गुरखा पलटणीत गेला, तिसऱ्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन, म्हणजे कुलबीर थापाचीच. पॅलेस्टाईनला लढला, मिलिटरी क्रॉस मिळवला. आणि १९१६ मध्ये, अंगावर वर्दी असताना, या गृहस्थाचा निबंध छापून आला तो कशावर? मराठीतल्या आघातावर, म्हणजे बोलताना शब्दात जोर कुठे पडतो त्यावर! वैदिक स्वराच्या खुणा मराठी उच्चारात शिल्लक आहेत असं त्याचं म्हणणं. मराठीवर मोठं काम करणारे फ्रेंच पंडित झूल ब्लॉक यांना हे आघाताचं प्रकरण फारसं पटणारं नव्हतं. ब्लॉक मोठेच, पण या बाबतीत मी टर्नरच्या बाजूने, कारण आमच्या आजीचे उच्चार. असो. १९३१ ला टर्नरने नेपाळीचा व्युत्पत्तिकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या शिपायांची आठवण काढली की शूरांतले शूर, उदारांतले उदार, तुमच्याहून निष्ठावान मित्र कुठल्याच देशाला मिळाले नाहीत. हे वाक्य आता लंडनला गुरखा शिपायाच्या पुतळ्याखाली कोरलेलं आहे. शब्दकोशाच्या प्रस्तावनेतलं वाक्य युद्धस्मारकावर गेलंय, आमच्या जमातीचा याहून मोठा सत्कार मला तरी माहीत नाही.

हां, भाडोत्री. नका लिहू. एक तर कायद्याने चूक, १९७७ च्या जिनिव्हा करारपत्रात भाडोत्रीची व्याख्या आहे आणि लढणाऱ्या देशाच्या रीतसर सैन्यात भरती झालेला माणूस त्यात बसत नाही. दुसरं म्हणजे नेपाळचा पंतप्रधान चंद्रशमशेर याने स्वतः होऊन इंग्रजांना फौज देऊ केली होती आणि लढाईनंतर त्याबद्दल नेपाळ दरबारला वर्षाला १० लाख रुपये सुरू झाले, १९२३ च्या तहात नेपाळचं स्वातंत्र्य इंग्रजांनी कागदावर मान्य केलं. भाडं म्हणायचंच असेल तर ते वर गेलं, शिपायाला पगार आणि पेन्शन. आणि तो हिशोब लावला तर मेसोपोटेमियातल्या कूटच्या वेढ्यात गुरख्यांबरोबर घोड्याचं मांस खायची वेळ आलेली, १९१६ ला कैदेत गेलेली आपली मराठा पलटणीतली माणसं पण भाडोत्रीच होतील, ते लिहाल का?

मराठीत जवळचा शब्द कुठला तर कोकणातला 'चाकरमानी'. कुठे गेला, कुणाकडे राबला, हे दुय्यम. गाव सोडून गेला, पैसे पाठवतो, सणाला ट्रंक घेऊन येतो, आणि एखादे वर्षी येत नाही. फक्त चाकरमान्याच्या अंगावर वर्दी नाही, म्हणून लेखात लाहुरेच ठेवा आणि एकदा अर्थ सांगा.

मला हा शब्द पुस्तकात नाही भेटला. आमच्या सोसायटीत एक वॉचमन होते, नेपाळातल्या बागलुंगकडचे, सगळे त्यांना गुरखा म्हणायचे. मी एकदा शहाणपणा करून विचारलं, तुम्ही गोरख्याचे का? म्हणाले, नाही हो, गोरखा लांब आमच्यापासून. मग घरात कुणी फौजेत होतं का? आजोबा होते, लाहुरे. आणि तुम्ही? तर हसून म्हणाले, गावात मलाही लाहुरेच म्हणतात साहेब, पुण्यात असलो म्हणून काय झालं.